वार्लामचा कोट

१

झुझुना रोज सकाळी टेकडी चढून माकडांच्या पोरांना फसवायला जायची, आणि सरकार तिला त्याचा पगार द्यायचं. बंदरावरच्या बायका तरी असंच सांगायच्या. शिकलेल्या लोकांनी त्या फसवण्याला एक लांबलचक नाव दिलं होतं. ते उच्चारताना त्यांनाच दम लागायचा, तेव्हा आपण ते सोडूनच देऊ.

काम एवढंच. जाळीच्या पिंजऱ्यात एक पिल्लू. समोर फळी, फळीवर पत्र्याच्या दोन वाट्या पालथ्या. पिल्लाच्या डोळ्यांदेखत एका वाटीखाली बेदाणा ठेवायचा, दोरी सोडून मधला लाकडी पडदा खाली पाडायचा आणि गप्प बसायचं. मग पडदा वर. पिल्लानं जाळीतून हात काढून बरोबर वाटी उलथली तर बेदाणा त्याचा. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. पिल्लाच्या ध्यानात काय राहतं, किती वेळ राहतं, ते यावरून ठरायचं, आणि त्यावर मोठ्या शहरांत मोठ्या पोटांची माणसं भाषणं ठोकायची.

या खोलीत आधी दोघं बसायची. वाट्या झुझुनाच्या, दोरी वार्लामची. वार्लाम म्हणजे हाडाचा खोडकर. झुझुनाच्या कोटाच्या खिशात रोज काहीतरी सोडून ठेवायचा. कधी अक्रोडाचं टरफल, कधी चहाचा ओला चोथा, एकदा तर जिवंत खेकडा. आणि तोंड असं धरायचा, जणू चर्चमध्ये मेणबत्त्या विकतोय. "खिशात बघ गं, कुणीतरी हाक मारतंय," म्हणायचा. लोक विचारायचे, तुम्ही दोघं लग्न का करत नाही? वार्लाम म्हणायचा, "दिवसभर हिच्यासमोर बसतो, रात्री तरी सुट्टी नको का?" झुझुना हसायची. हसून घरी जायची. घर म्हणजे बंद पडलेल्या आरोग्यधामामागची एक खोली. तिथं समुद्राचा आवाज यायचा, दुसरं कुणी यायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात, संत्री उतरायच्या दिवसांत, वार्लाम टेकडीच्या पायऱ्यांवर छाती धरून बसला. सगळ्यांना वाटलं, सोंग करतोय. झुझुनाही वरून ओरडली, "ऊठ रे, पुरे झालं आता."

पण या खेपेला सोंग नव्हतं.

२

इकडे माणूस गेला की त्याचे कपडे वर्षभर मांडून ठेवतात. पलंगावर, नाहीतर त्याच्या नेहमीच्या खुर्चीवर. सदरा, कोट, टोपी, माणूस बसल्यासारखं. येणाऱ्यानं शेजारी टेकायचं, दोन आसवं गाळायची, गावातल्या भानगडी सांगायच्या. एकदा मांडले की त्यांना हात लावायचा नाही. वर्ष भरलं की घरच्यांनी उचलायचे, म्हणजे तोही उठून आपल्या वाटेनं जातो.

वार्लामचे मांडणार कोण? त्याची वसतिगृहातली खाट दुसऱ्याच दिवशी दुसऱ्याला दिली. डोंगरातल्या गावी एक बहीण होती. तिनं येऊन त्याला नेलं, पुरलं. पण अक्रोडाच्या एका झाडापायी दोघांचं बोलणं कधीच तुटलेलं. जिनं जिवंतपणी तोंड पाहिलं नाही, ती कपडे कशाला मांडेल?

मग झुझुनानंच मांडले. इथल्या प्रत्येकाला पांढरे कोट दोन, एक अंगावर आणि एक धुलाईत. वार्लाम पडला तेव्हा एक त्याच्या अंगावर होता. दुसरा आठवडाभरानं धुऊन, इस्त्री होऊन त्याच्या खुंटीवर आला. तिनं तो त्याच्या वेताच्या खुर्चीवर बसवला. पाठ पाठीला टेकवली, बाह्या मांडीवर एकावर एक ठेवल्या, वर टोपी. शेजारी चहाचा पेला. खुर्ची तिच्या पाठीमागे, भिंतीशी. काम करताना ती कोटाला दिसायची, कोट तिला दिसायचा नाही.

विभागाचा प्रमुख डॉक्टर अन्झोर दारात येऊन थबकला.

"हे काय बाई? प्रयोगशाळेत देवघर?"

"देवघर कुठलं, डॉक्टर. खुर्ची आहे."

अन्झोरची आईसुद्धा डोंगरातलीच. त्यानं खुर्चीकडे पाहून टोपी काढली. मग कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून घाईनं डोक्यावर चढवली आणि निघून गेला.

धुलाईवाली पाशा मात्र दारातून आत येईना. "तुमचे ते कोट बाई, तुम्हीच सांभाळा," ती म्हणाली. "मला आधीच ताप कमी आहे का? खालच्या इमारतीचे कोट वेगळे धू, वरचे वेगळे धू. खालच्यांच्या कॉलरला आतून निळा दोरा घातलाय म्हणे, तो बघ आणि वेगळं कर. अगं, हौद एक, हात दोन, डोळ्यांत साबण. कुठं बघत बसू दोरे?"

झुझुना हसली. पाशा बारा महिने रडायचीच.

३

वसंतात एक नर पिल्लू जन्मलं. आईला दूध नव्हतं, म्हणून झुझुनानं त्याला बाटलीवर वाढवलं आणि त्याचं नाव ठेवलं नुक्री. मूठभर अंग, पेन्शन अडलेल्या म्हाताऱ्यासारखं तोंड. चिकटायची खोड अशी की झुझुनाच्या कोटाचे छातीवरचे धागे ओढून ओढून बाहेर आले, जागोजागी, चिमटीएवढे. तिचं बोट अख्ख्या मुठीत धरायचा आणि झोप लागली तरी सोडायचा नाही. ती तशीच हात अवघडून बसून राहायची. बंदरावरच्या बायकांनी पाहिलं असतं, तर हसून त्यांच्या पोटात दुखलं असतं.

बाकी डोक्याच्या नावानं आनंद. बेदाणा कुठंही ठेवा, हा उजवी वाटी उलथणार. डावीकडे ठेवा, उजवी. मधलं थांबणं कमी करा, उजवी. उन्हाळा सरला, शहरातले पाहुणे समुद्र सोडून परत गेले, हॉटेलांना फळ्या ठोकल्या गेल्या, तरी नुक्रीची आपली उजवीच.

"मावशी," अन्झोर एके दिवशी म्हणाला. एरवी तो बाई म्हणायचा. काही नकोसं सांगायचं असलं की मावशी. "तुझं हे रत्न संत्री उतरायच्या आत शिकलं नाही तर खाली द्यावं लागेल."

"खाली कशाला? किती लहान आहे ते."

"त्यांना लहानच हवेत."

खाली म्हणजे टेकडीच्या पायथ्याची इमारत. तिथं पिल्लांना आजार टोचायचे आणि पुढं काय होतं ते बघत बसायचं. तिथून पिल्लू वर आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तिथली माणसं जेवायलाही वेगळी बसायची, आणि जेवताना बोलायची नाहीत.

"राजधानीतून पाहुणे येणार आहेत. त्यांच्यासमोर परीक्षा होईल. पास झालं तर वर राहील. तुझ्याकडेच राहील, जन्मभर, माझा शब्द."

"आणि नाही झालं तर?"

अन्झोरनं बेदाण्यांच्या पुडीत हात घातला, मूठभर तोंडात टाकले आणि चालू लागला. अडचणीत सापडला की तो खायचा. एवढा वाढला होता तो काय उगाच?

४

समुद्रावरून ओला वारा येत होता. खिडकीची काच थडथडत होती. झुझुनानं डाव्या वाटीखाली बेदाणा ठेवला, पडदा सोडला, थांबली. मागं वेताची खुर्ची करकरली. वार्लाम रेलून बसला की अशीच करकरायची. दमट हवेत वेत फुगतो, झुझुना मनात म्हणाली, आणि तिनं पडदा वर केला.

नुक्रीनं वाट्यांकडे पाहिलंच नाही. तिच्या खांद्यावरून त्यानं मागं पाहिलं. वर्गातलं ढ पोर शेजाऱ्याच्या पाटीत डोकावतं ना, अगदी तसं. मग हात काढला आणि डावी वाटी उलथली.

"अरे माझ्या राजा!"

तिनं पुन्हा डावीकडे ठेवला. त्यानं मागं पाहिलं. डावी. मग उजवीकडे. मागं पाहिलं. उजवी. संध्याकाळपर्यंत एकदाही चुकला नाही. झुझुना घरी जाताना पायऱ्यांवर गात होती. गळा तिला देवानं दिला नव्हता, पण पायऱ्यांवर ऐकायला होतं कोण?

अंथरुणावर पडल्यावर तिच्या मनात आलं, हे पोर बघत कुणाकडे होतं?

५

झुझुना काही खुळी नव्हती. तिला ठाऊक होतं, जनावर माणसाचे डोळे वाचतं. मीच नकळत वाटीकडे बघत असणार. तिनं डोळे मिटून पडदा उचलला. नुक्री बरोबर. वासानं ओळखत असेल. तिनं दोन्ही वाट्यांना आतून बेदाणा चोळला. नुक्री बरोबर. मग तिनं पडदा आधीच पाडून ठेवला, बेदाणा नुक्रीला दाखवलाच नाही, डोळे मिटून फळी गरागरा फिरवली. बेदाणा कुठं आहे ते आता तिला ठाऊक नव्हतं आणि त्यालाही नव्हतं. त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

खुर्ची करकरली.

पडदा वर गेला. नुक्रीनं मागं पाहिलं, आणि बरोबर वाटी उलथली.

टेबलावर चहाची किटली होती. पत्र्याची, पोट चकचकीत. त्या पोटात मागची खोली दिसायची, वाकडी, लांबट. दुसऱ्या दिवशी झुझुनानं किटली अशी ठेवली की खुर्ची दिसेल. कोट बसला होता, बाह्या मांडीवर. तिनं फळी फिरवली. पडदा उचलला. नुक्रीचे डोळे खांद्यावरून मागं गेले, तसे तिचे किटलीत गेले.

मांडीवर एकच बाही होती.

ती वळली. दोन होत्या. एकावर एक, तिनं ठेवल्या होत्या तशाच. किटलीचं पोटच वाकडं, त्यात दोनाची एक दिसणारच, ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. मोठ्यानं म्हटलेलं पटकन खरं वाटतं.

मग तिला एक गोष्ट सुचली. तिनं बेदाणा कुठल्याच वाटीखाली ठेवला नाही. पडदा खाली असताना गुपचूप स्वतःच्या कोटाच्या खिशात टाकला.

पडदा वर. नुक्रीनं मागं पाहिलं. वाट्यांकडे बघितलंही नाही. जाळीतून हात बाहेर काढला, लांब, खांद्यापर्यंत, आणि तिच्या खिशाचं तोंड पकडलं.

झुझुनानं बेदाणा त्याच्या मुठीत दिला. हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. "मेल्या," ती मागं न वळता म्हणाली, "मेल्यावरही कॉपी करायला शिकवतोस होय पोरांना?"

६

त्यानंतरचे दिवस तिला बरे गेले. सकाळी लवकर यायची, पेल्यातला चहा बदलायची, खुर्चीला गावच्या बातम्या सांगायची. कुणाची सून पळाली, अन्झोरच्या पँटचं बटण कुठं तुटलं. दुपारी मक्याची घट्ट लापशी आणि मिरचीचा ठेचा घेऊन खुर्चीसमोर बसायची. खोलीत कुणीतरी आहे म्हटल्यावर जेवणाला चव येते.

पाशा एकदा दारातून म्हणाली, "कुणाशी बोलतेस गं?"

"तुला काय करायचंय? तू साबणाशी बोलत नाहीस?"

"बोलते. पण साबण माझ्याकडे बघत नाही," पाशा म्हणाली आणि पाय उचलून गेली.

बऱ्या दिवसांतही काही गोष्टी खटकायच्या. वार्लाम तंबाखू ओढायचा. त्याच्या शेजारी बसलं की नाक झोंबायचं. खुर्चीपाशी तो वास नव्हता. वर्षभरात उडाला असेल. दुसरा होता, औषधाचा, आणि त्याखाली सांडलेल्या दुधाचा, आंबूस. नुक्रीचं दूध सांडलं असेल. बाकीची पिल्लं या खोलीत आणली की ओरडायची थांबायची आणि जाळीला चिकटून अंग चोरायची. थंडीनं असेल.

आणि अंगणातल्या आया. मोठ्या पिंजऱ्यातल्या त्या माकडिणी इतकी वर्षं झुझुना दिसली की जाळीतून हात काढून बेदाणे मागायच्या, बाजारातल्या भिकारणींपेक्षा जास्त कटकट करायच्या. आता ती काम संपवून खोलीतून बाहेर पडली की त्या भिंतीपाशी सरकायच्या. पिल्लं पोटाखाली घ्यायच्या. तिनं बेदाण्यांची मूठ पुढं केली तरी एकही पुढं यायची नाही. फक्त बघायच्या. तिच्याकडे नाही, तिच्या कपड्यांकडे.

झुझुना मूठ उघडी धरून उभी राहायची. मग बेदाणे स्वतःच खायची आणि समुद्राच्या वाटेनं एकटी घरी जायची.

७

पाहुण्यांच्या परीक्षेचा दिवस आणि वार्लामच्या वर्षाचा दिवस एकच निघाला. सकाळीच टेकडीवर एक काळ्या कपड्यांतली म्हातारी धापा टाकत चढून आली. हातात गाठोडं. वार्लामची बहीण, बाबुत्सा.

"तूच का झुझुना?" तिनं खालून वरपर्यंत पाहून घेतलं. "एवढीशी? त्याच्या बोलण्यावरून वाटलं होतं, डोंगराएवढी असशील."

"तो तुमच्याशी बोलायचा?"

"भांडायचा. पत्रातून. झाड माझंच आहे, आधी सांगून ठेवते." म्हातारीनं गाठोडं सोडलं. आत भाकरी, चीज, वाइनची बाटली. "आज पहाटेच त्याचे कपडे उचलले. म्हटलं, जिनं त्याला इतकी वर्षं सोसलं तिच्याही तोंडात घास पडावा. वर्षभर माझ्या ओसरीवर बसला होता तो. जिवंतपणी कधी इतका गप्प बसला नव्हता मेला."

झुझुना गोंधळली. "कपडे इथं आहेत, मावशी. मी मांडलेत. त्याचा कोट."

"कुठला कोट?"

"पांढरा. दुसरा. एक त्याच्या अंगावर होता."

"अंगावरचा माझ्याकडे आला. दुसरा त्याच्या पेटीत होता, खिशात अक्रोडाची टरफलं भरलेली. दोन्ही मीच मांडले, एकावर एक." बाबुत्सानं खोलीत पाऊल टाकलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि टाकलेलं पाऊल मागं घेतलं. "हे कुणाचं मांडलंयस पोरी?"

झुझुना खुर्चीपाशी गेली. वर्षभरात पहिल्यांदा तिनं कोटाला हात लावला. कॉलर उलटी केली.

आत निळा दोरा होता. खालच्या इमारतीचा.

छातीवर, दोन्ही बाजूंनी, कापडाचे धागे ओढून बाहेर आले होते. चिमटीएवढे, जागोजागी. तिच्या स्वतःच्या कोटावर होते तसेच. फक्त तिच्या कोटावर एका पिल्लाचे होते. इथं एक जागा सोडलेली नव्हती. बाह्यांवर, खिशांच्या तोंडाशी, पार खालच्या शिवणीपर्यंत.

"उठव," बाबुत्सा दाराबाहेरून म्हणाली. "आजच उचल आणि जाळून टाक. ज्याला बोलावलं नाही, त्याला वर्षावर एक दिवसही बसू द्यायचं नसतं."

"आज नाही जमणार," झुझुना म्हणाली.

पिंजऱ्यात नुक्री बसला होता. तो खुर्चीकडे बघत होता.

८

पाहुणे दोन होते. एक बारीक, तो लिहायचा. एक जाडा, तो बाकी सगळं करायचा. अन्झोर दोघांपुढे वाकून वाकून अर्धा झाला होता, आणि हे त्याच्या बाबतीत सोपं नव्हतं.

"बसायला काही आहे की नाही?" जाड्यानं विचारलं.

"आहे ना! बाई, तो कोट उचला. पाहुण्यांना खुर्ची द्या."

"डॉक्टर, ती खुर्ची…"

"मावशी," अन्झोर हळूच म्हणाला.

झुझुनानं कोट उचलला. पाहुणा खुर्चीत बसला, वेत कण्हला. पण ते जाड्या माणसाचं कण्हणं, साधं. कोट तिच्या हातात होता. नेहमीपेक्षा जड. नुक्रीचे डोळे खुर्चीवरून उठले आणि कोटामागं आले. ती डावीकडे सरकली, डोळे डावीकडे. उजवीकडे सरकली, डोळे उजवीकडे.

आता दोन वाटा होत्या. कोट दाराबाहेर टाकायचा, आणि हे पोर उजवी, उजवी, उजवी करत संध्याकाळी टोपलीतून पायथ्याशी जाणार. नाहीतर...

"गारठलंय जरा," झुझुना म्हणाली. तिनं स्वतःचा कोट काढून खुंटीवर टांगला आणि हा अंगात घातला.

अंगाला थंड लागला. बस्स. थंड कापड थंडच लागतं.

"बाई डोळ्यांनी खुणावत असतील," जाडा पाहुणा हसून म्हणाला. "त्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहावं. बेदाणा मी ठेवतो. पिल्लाला दाखवून ठेवतो, मग बराच वेळ पडदा खाली. एवढ्या वेळानं याला आठवतंय का, तेच बघायचंय ना?"

झुझुना भिंतीकडे वळली. कोटाची पाठ नुक्रीकडे. मागं वाटी वाजली, पडदा पडला. बारक्याची पेन्सिल थांबली. खिडकी थडथडली आणि तीही थांबली. झुझुनानं हात अंगाशी धरले होते, बोटं बाहीच्या आत.

डाव्या बाहीत काहीतरी हाललं.

कापड असेल. घडी सुटली असेल.

मग तिच्या बोटाला मूठ वळली. अख्ख्या बोटाभोवती, इवलीशी, ओलसर. नुक्रीसारखीच. पण नुक्रीची मूठ गरम असते. त्या मुठीनं बोट धरलं आणि हळूच बाहेर ओढलं. तिचा डावा हात अंगापासून वीतभर दूर गेला. तिनं नेला नव्हता.

पडदा वर गेला. मागं वाटी उलथल्याचा आवाज झाला.

"डावी. बरोबर," बारका म्हणाला.

"योगायोग," जाडा म्हणाला. "पुन्हा."

पुन्हा केलं. उजव्या बाहीत दुसरी मूठ होती. पुन्हा केलं. जाड्यानं एकदा बेदाणा ठेवलाच नाही, आपल्याच तळहातात लपवला. झुझुनाच्या दोन्ही बाह्या स्थिर राहिल्या. तिला पाठीमागं नुक्रीचा आवाज आला, बारीक, आणि मग पाहुण्याचं खो खो हसणं. पिल्लानं जाळीतून हात काढून त्याची मूठ धरली होती.

"हे तुम्ही खाली देणार होता?" तो अन्झोरला म्हणाला. "डोकं फिरलंय का तुमचं? हे इथंच राहील."

"मीही तेच म्हणत होतो," अन्झोर म्हणाला, आणि त्यानं बेदाण्यांची पुडी रिकामी केली.

९

सगळे जेवायला गेले. व्हरांड्यातून पेल्यांचा आवाज येत होता. अन्झोर विज्ञानाच्या नावानं पेला उचलत होता, मग पाहुण्यांच्या, मग त्यांच्या आयांच्या. बाबुत्सा कधीच टेकडी उतरून गेली होती. भाकरी आणि चीज दाराबाहेर तसंच ठेवून, पुन्हा आत पाऊल न टाकता.

खोलीत झुझुना आणि नुक्री. वेताची खुर्ची रिकामी होती.

"जिंकलास रे," ती म्हणाली. पिंजऱ्याचं दार उघडलं आणि हात पुढं केला. "ये."

नुक्री आला नाही. मागच्या जाळीला पाठ लावून बसला. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तो बाह्यांकडे बघत होता, मग छातीकडे, मग खालच्या शिवणीकडे, आणि त्याचे डोळे असे फिरत होते जसे गर्दीकडे बघताना फिरतात.

कोट काढायला हवा होता. जाळायला हवा होता. चुलीत निखारे होते, काडीही लागली नसती. झुझुनानं उजव्या हातानं डावी बाही धरली आणि हात बाहेर ओढायला लागली.

बोटावरची मूठ घट्ट झाली. ओढली नाही, चावली नाही. नुसती घट्ट झाली. झोपेत कुणी उठून चाललं की पोरं धरतात तशी. मग मनगटाशी दुसरी. कोपराशी. छातीवर कापड हळूच चिमटीत धरलं गेलं, इथं, मग तिथं, मग पाठीवर. तिनं मोजायला सुरुवात केली आणि लगेच थांबली.

ती तशीच उभी राहिली, हात अवघडून. इतक्या वर्षांत वार्लामचा हात तिच्या हाताला लागला होता तो बेदाण्यांच्या पुडीपुरता. घरी खोली होती, समुद्राचा आवाज होता.

व्हरांड्यातून अन्झोरनं हाक मारली, "बाई! अहो या की, तुमच्या नावानं पेला भरलाय!"

"आले," ती म्हणाली, पण इतक्या हळू, की ते व्हरांड्यासाठी नव्हतं.

तिनं पिंजऱ्याचं दार लावून घेतलं. नुक्रीसाठी दूध ठेवलं. मागच्या दारानं ती बाहेर पडली तेव्हा अंगणातल्या आया भिंतीपाशी सरकल्या नाहीत. सगळ्या पुढं जाळीशी आल्या होत्या, हात बाहेर काढून, आपल्या पिल्लांना बोलावतात तसे ओठ हलवत. बेदाण्यांसाठी नव्हे.

बाहेर गार होतं. झुझुनानं कोटाची बटणं लावली. एकेक करून, कुणाला चिमटा बसणार नाही अशी जपून.